बोलकी मेंढी

माझा धाकटा भाऊ संतोष याला फोनवर बोलायचा भारी कंटाळा. वर्षातून एकदा, जुलै सरत आला की त्याचा फोन येतो. "ताई, आवणी सरली," एवढं सांगतो आणि मी काही विचारायच्या आत ठेवून देतो. वाशिंदच्या औषधांच्या दुकानात मी काउंटरमागे उभी असते. समोर कुणीतरी खोकत असतं, माझ्या हातात गोळ्यांची पट्टी असते, आणि एकदम बोटांना पिठाचा भास होतो. तांदळाच्या पिठाचा. मालकाला मी त्याच संध्याकाळी सांगून टाकते, की शनिवारपासून आठ दिवस मी नाही.

पिठाचं कारण असं, की आमच्या घरी पावसाळ्यात पत्त्यांना पीठ लावतात. सरळगाव आणि किन्हवलीच्या मधल्या आमच्या गावात त्या दिवसांत काहीच कोरडं राहत नाही. भिंतीला हात लावावा तर ओला, मीठ बरणीत विरघळतं, चादरींना कुबट वास येतो. पत्ते तर एकमेकांना असे चिकटतात की पिसायला गेलं तर चार-चार पानं एकदम हातात येतात. मग काकी जेवणं आटोपली की पत्त्यांचा डबा चुलीच्या कडेला ठेवते, पानं जरा ऊब धरली की चिमूटभर पीठ घेऊन एकेका पानावरून बोट फिरवते. शेवटी सगळा कॅट मांडीवर आपटून झटकते. त्या पत्त्यांना धुराचा आणि भाकरीचा वास येतो. दुकानातले नवेकोरे, गुळगुळीत पत्ते माझ्या हातात दिले तर मला अजून परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं वाटतं.

भाताच्या रोपांची शेवटची मूठ चिखलात रोवून माणसं वर येतात, तेव्हापासून पहिल्या निंदणीपर्यंत दहा-पंधरा दिवस शेताला आपली गरज नसते. वर्षभरात असे दिवस तेवढेच. कंबरा मोडलेल्या असतात, पायांच्या बोटांमध्ये चिखल्या झालेल्या असतात, त्यांवर मेंदीचा लेप लावून माणसं पाय पसरून पडवीत बसतात. बाहेर पाऊस. खाचरांतलं हिरवं अजून कोवळं, वाऱ्याने आडवं होणारं. काकीने पातेलं झाकून ठेवलेल्या चिंबोऱ्यांच्या रश्श्याचा वास दुपारभर घरात रेंगाळत राहतो. आणि दुपारी दोनच्या सुमाराला काका चटईवर मांडी ठोकून म्हणतो, "या रे, कोण हरायला येतंय?"

आमचा खेळ मेंढीकोटाचा. चौघं, समोरासमोर जोड्या. दश्शीला मेंढी म्हणायचं, चार मेंढ्यांपैकी ज्या जोडीने जास्त पकडल्या ती जिंकली, आणि चारही पकडल्या तर समोरच्यांवर कोट चढला. इथवर महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांना ठाऊक असेल. पण आमच्या घरात एक कलम जास्तीचं आहे. पान टाकताना ते मोठ्याने बोलायचं. "किलवर नव्वी." "इस्पिक गुलाम." न बोलता टाकलेलं पान उचलून परत हातात द्यायचं. या खेळाला आम्ही बोलकी मेंढी म्हणतो. माझ्या सासरी मी एकदा ही बोलकी मेंढी शिकवायला गेले, तर माझे दीर म्हणाले, "वहिनी, आम्हाला दिसतंय की, बोलायचं कशाला?" मी पानं वाटायला घेतली. कारण सांगायला बसले असते तर डाव राहून गेला असता.

हे कलम आमच्या घरात एका पावसाळ्यात आलं. त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली असतील.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. त्या वेळी साठीच्या जवळ आलेला. त्याची जीप होती. हिरव्या रंगाची, एका बाजूचा दरवाजा दोरीने बांधलेली. बाजाराच्या दिवशी मुरबाड, कुणाला बरं नसलं तर शहापूर, जानेवारीत म्हशाची जत्रा, आणि रोज सकाळी आमच्या वाडीतली आणि वरच्या पाड्यावरची अकरा पोरं घेऊन किन्हवलीची शाळा. आसपासच्या गावांत त्याला कुणी नावाने ओळखत नसे, जीपवाला काका म्हणत. संतोषची मुलगी परी तेव्हा तिसरीत होती. ती त्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसायची, कारण नातीचा हक्क.

पत्त्यांत काका फार सरळ माणूस. इतका सरळ की राग यावा. मी लहानपणापासून चोरी करते, हे इथेच कबूल करून टाकते. हातात बदाम असून नाही म्हणायचं, मांडीखाली एखादं पान सरकवायचं, हे मला पोहण्यासारखं आपोआप येतं. काका मला पकडायचा, कान धरायचा आणि म्हणायचा, "मंदे, हरशील तर हर, पण पानाला खोटं पाडू नको." त्याच्या जोडीला कायम काकी. माझ्या जोडीला संतोष, बिचारा, माझ्या पापांत निम्म्याचा धनी.

तर त्या वर्षी मी गेले, त्या पहिल्याच दुपारी काकाने बदामाच्या हातावर चौकट टाकली. मग दोन हात झाल्यावर त्याच्याकडून बदाम राणी निघाली. म्हणजे बदाम हातात असून त्याने चौकट टाकली होती. मला तर आनंदाचं भरतं आलं. आयुष्यभर ज्याने माझा कान धरला, तो सापडला होता. मी चटईवर हात आपटून म्हटलं, "चोरी. काका, चोरी केलीस."

मला वाटलं तो उसळेल. त्याने एकदा पानाकडे बघितलं, एकदा काकीकडे, आणि म्हणाला, "केली. मंग? तूच काय ती चोरी करायची?"

संतोष हसला. मीही हसले. पण काका चोरी करेल यावर माझा विश्वास बसेना, आणि त्याहून, केली असती तर तो अशी कबूल करेल यावर तर बसेचना. काकी हसली नव्हती. ती पानं गोळा करत होती, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ पिसत होती.

दुसऱ्या दिवशी पीठ लावताना तिने जाहीर केलं, "आजपास्ना पान बोलून टाकायचं. माज्या माहेराला आसंच खेळतात." काकीचं माहेर डोळखांबच्या बाजूचं. तिकडे कसं खेळतात ते आम्हाला काय ठाऊक? आम्ही बोलायला लागलो. पडवीत नुसता पावसाचा आवाज असायचा, तिथे आता बाजार भरल्यासारखं झालं. "चौकट पंजी." "चौकट राजा." "चौकट तिर्री, घ्या मेली." परी दारात बसून आमच्यामागून सगळं म्हणायची.

मला कळायला तीन दिवस लागले. संतोषला आधीच कळलं होतं. काका पडवीच्या अगदी कडेला बसायला लागला होता, जिथे पागोळ्यांचे शिंतोडे अंगावर येतात. का, तर म्हणे आत उकडतं. जुलैच्या पावसात उकडतं. पानं डोळ्यांजवळ नेऊन बघायचा आणि नाक खाजवल्याचं दाखवायचा. कुणी काही विचारलं तर एकच उत्तर, "उजेड नाय इथं." आणि मला आठवलं, उन्हाळ्यात काकीने माझ्याकडून डोळ्यांत घालायचे थेंब मागवले होते. स्वतःसाठी, म्हणाली होती. औषधाच्या दुकानात उभं राहून मी जगाला शहाणपण शिकवते, आणि माझ्या घरातली बाई कुणाच्या डोळ्यांसाठी थेंब मागते हे मी विचारलं नव्हतं. याची मला अजून लाज वाटते.

आम्ही टाकलेली पानं आता त्याला ऐकू येत होती. प्रश्न त्याच्या स्वतःच्या हातातल्या पानांचा होता. तिसऱ्या दिवशी तो "किलवर सत्ती" म्हणाला आणि टाकली इस्पिकची सत्ती. चौघांनाही पान दिसत होतं. म्हणजे तिघांना. मी त्यावर माझं पान टाकलं. खरी किलवर सत्ती संतोषच्या हातात होती. थोड्या वेळाने त्याने ती खाली टाकली आणि शांतपणे म्हणाला, "इस्पिक सत्ती." मी त्याच्याकडे बघितलं, तो पावसाकडे बघत होता. त्या क्षणी मला माझा भाऊ इतका आवडला की काय सांगू.

मग आमचा तो दुसराच खेळ सुरू झाला. काकाने जे नाव घेतलं तेच पान खरं. ज्याच्याकडे त्या नावाचं खरं पान असेल त्याने ते मुकाट्याने दुसऱ्या नावाने टाकायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. मी आजवर जिंकायसाठी चोरी केली होती, आता हरायसाठी करत होते, आणि त्यात मला जे सुख मिळालं ते कधीच मिळालं नव्हतं. आपण किती चांगली माणसं आहोत, असं वाटायचं. काका जिंकायचा, मिशीत हसायचा, "चोरी करून पण हरतेस गो मंदे," म्हणायचा. पाऊस इतका लागला होता की चार दिवस शाळेला सुट्टी होती. जीप परसात ताडपत्रीखाली उभी होती. आणि त्या ताडपत्रीखाली काय उभं आहे, याचा आम्ही दोघा शहाण्यांनी विचार केला नव्हता.

माझ्या वडिलांचा, आबांचा, उजवा डोळा फार वर्षांपूर्वी गेला होता. मोतीबिंदू पिकला तरी ते अंगावर काढत राहिले, आणि नेलं तेव्हा उशीर झाला होता. त्या वेळी त्यांना घेऊन गेला होता काकाच. बाहेर बाकड्यावर बसून तो जे शिकायचं त्याच्या नेमकं उलटं शिकला. जो डोळा दाखवायला जातो त्याचा डोळा जातो, हे त्याच्या मनात पक्कं बसलं. आणि दुसरं, डोळा गेला तर स्टिअरिंग गेलं. जीपवाल्या काकाकडून जीप काढून घेतली तर मागे कोण उरतं, हे त्याला ठाऊक नव्हतं. म्हणून त्याने आंधळा ठरण्यापेक्षा चोर ठरणं पत्करलं होतं.

पाचव्या दुपारी पाऊस उघडला. सरपंचाच्या पोराने रस्त्यावरून ओरडून सांगितलं, उद्या शाळा आहे. परी दप्तर शोधायला आत पळाली. काका म्हणाला, "सक्काळी साताला तयार ऱ्हा गो, पुलावर पाणी आसंल तर हळू जावं लागंल." आणि आम्ही डाव मांडला.

तो डाव मला पानापानाने आठवतो. काका-काकींनी तीन मेंढ्या पकडल्या होत्या. चौथी, बदामाची, पकडली की आमच्यावर कोट. संतोषने बदाम नव्वी उतरली. काकाने पान डोळ्यांशी नेलं, जरा थांबला, आणि जोरात आपटून म्हणाला, "बदाम एक्का."

चटईवर चौकट एक्का पडला होता.

मी माझी बदाम चव्वी टाकली, बोलून. मनात हिशेब सरळ होता. हात काकाचा झाला, आता काकी आपल्याकडची, मी चोरून बघितलेली, बदाम दश्शी यावर घालणार, कोट चढणार, काका हसणार, आणि खरा बदाम एक्का ज्याच्याकडे असेल तो पुढे केव्हातरी चौकट म्हणून खपवणार. काकी हातातल्या पानांकडे बघत राहिली. तिला पान निवडायला कधी वेळ लागत नाही. आत परी उद्याची कविता घोकत होती. काकीने पान काढलं आणि चौकट एक्क्याच्या अगदी शेजारी, कडेला कड लावून ठेवलं.

"बदाम एक्का," ती म्हणाली.

काका म्हणाला, "बदाम एक्का मी टाकला."

"तुमी चौकट टाकली. बदाम माज्याकडं हाय. हा बगा."

"उजेड नाय इथं."

"पाऊस उघडलाय," काकी म्हणाली. "उजेड लई हाय."

काका दोन्ही पानं हातात घेऊन कडेला सरकला. बाहेर खरंच लख्ख पडलं होतं, खाचरांतलं पाणी चमकत होतं. त्याने एक पान डोळ्यांपाशी नेलं, मग दुसरं, मग परत पहिलं. मला काकीचा इतका राग आला होता की मी तिच्याकडे बघूही शकत नव्हते. चौघांच्या देखत, एका खेळात, चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला असं उघडं पाडायचं? आम्ही पोरं सांभाळून घेत होतो, आणि हिला एवढं जमलं नाही?

आत परीची कविता संपली आणि परत पहिल्या ओळीपासून सुरू झाली. मग काकाने ती दोन पानं खाली ठेवली, कंबरेच्या करगोट्याला अडकवलेली जीपची किल्ली सोडली आणि पत्त्यांच्या मधोमध ठेवली.

"संतोष," तो म्हणाला, "सकाळी पोरांना तू ने. पुलावर पयल्या गेरात." आणि उठून परसात गेला. तो डाव तसाच राहिला. चौथी मेंढी काकीच्याच हातात होती, ती कुणीच पकडली नाही.

संध्याकाळी भाकऱ्या थापताना मी काकीला म्हटलं, घरात, त्याला एकट्याला सांगता आलं नसतं का? तिने तव्यावरची भाकरी उलटली. "वरीसभर सांगितलं. घरात सांगितलं का ती बायकोची कटकट. पत्त्यात पडलं का ते पान. पानाला ते खोटं नाय पाडायचे, मला ठावं होतं." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमी पोरं लई मायेची. पण रस्त्यावर कोण आपलं पान बदलून टाकणार हाय, मंदे?"

त्या दिवसांत मी ज्याला माया म्हणत होते, ती मला काही किंमत न देता करता येण्यासारखी होती. काकीची तशी नव्हती. तिने त्याचा राग अंगावर घेतला, आमचा घेतला, आणि अकरा पोरांना पूल ओलांडून दिला. हे कळायला मला भाकऱ्या थापून होईपर्यंतचा वेळ लागला, पण एकदा कळलं ते कायमचं.

काका दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मीच त्याला कल्याणला घेऊन गेले. मोतीबिंदूच होता, एका डोळ्याचं ऑपरेशन तेव्हा झालं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर. पट्टी निघाली तेव्हा त्याने माझ्याकडे खालून वर बघितलं आणि म्हणाला, "मंदे, तुजे केस पिकले कवा?" घरी आल्यावर काकीकडे मात्र बराच वेळ बघत राहिला. "तू एवढी म्हातारी कवा झालीस गो?"

"तुमी चौकटीला बदाम बोलत होता तवा," काकी म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली. आत जाऊन ती रडली, हे मला परीने सांगितलं.

पुढे काकाने आणखी काही वर्षं जीप चालवली, आणि मग एका दिवशी आपणहून बंद केली. पण बोलायचं कलम राहिलं. पहिल्याच डावात तो न बोलता पान टाकायला गेला, तर काकीने ते उचलून परत त्याच्या हातात दिलं. मागे एकदा मी काकीच्या भावाला विचारलं, तुमच्याकडे मेंढी अशीच बोलून खेळतात ना? तो म्हणाला, छे, आमच्याकडे पत्ते कुणालाच येत नाहीत. काकी पत्ते शिकली ती लग्नानंतर, काकाकडूनच.

या वर्षी गेले तर आवणी सरली होती, परी कॉलेजात जायला लागली होती, आणि पडवीच्या कडेला, शिंतोडे येतात त्या जागेवर, काकी बसली होती. मी आपली पाय पसरून बसले. पीठ लावायचं काम आता परी करते. तिचं पीठ जास्त होतं, पानं पांढरी दिसतात. माझ्या जोडीला संतोष, काकाच्या जोडीला काकी. डाव चांगला रंगला होता. काका-काकींच्या दोन मेंढ्या झाल्या होत्या, मला आमच्यावर कोट चढायची भीती होती. चौकटीची उतारी झाली, काकीने पान नाकाजवळ नेलं, आणि टाकलं.

"चौकट दश्शी," ती म्हणाली.

बदामाची होती.

मी संतोषकडे बघितलं, संतोष पावसाकडे. इतक्या वर्षांनी आमच्या दोघांच्या मनात पहिल्यांदा तेच सांभाळून घेणं आलं, हे मी लपवत नाही. संतोषने आपलं पान टाकलं, मग काकाची पाळी आली. त्याने हातातलं पान काढलं, तिच्या पानाच्या शेजारी, कडेला कड लावून ठेवलं.

"चौकट दश्शी," तो म्हणाला. "ही माज्याकडं हाय गो. तू बदाम टाकलीस."

काकीने दोन्ही पानांवरून बोट फिरवलं, जसं पीठ लावताना फिरवते तसं. "उजेड नाय इथं," ती म्हणाली.

"हाय," काका म्हणाला. "उद्या पयल्या गाडीनं जाऊ कल्याणला. मी हाय संगं."

हातातली पानं तिने खाली ठेवायला घेतली, मागच्या वेळी तो डाव जसा अर्धा राहिला होता तसाच हाही राहणार, असं मला वाटलं. काका उठला, चटईला वळसा घालून तिच्या बाजूला जाऊन बसला, आणि तिची पानं तिच्याच हातात परत नीट पसरून दिली.

"मेंढी चुकली, डाव नाय चुकला," तो म्हणाला. "चल, डाव पुरा करू. मी कानात सांगतो, तू मोठ्यानं बोल."